आधी काय मोडले?

(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



मूल अभ्यास सोडून मोबाईलवर खेळते, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. पुष्कळदा ती खरीही असते. परंतु सगळे खेळ एकाच मापाने मोजू नयेत. काही खेळ पूल बांधण्याचे असतात. 2016 साली निघालेला ‘पॉली ब्रिज’ हा त्यांतला एक प्रसिद्ध खेळ. पडद्यावर दोन काठ आणि मध्ये दरी असते. ठरलेल्या रकमेत लाकूड, पोलाद, दोर घेऊन पूल जोडायचा आणि त्यावरून गाडी पार न्यायची. सुरुवातीचे टप्पे सोपे असतात. मग असा एक टप्पा येतो की दरी रुंद, मध्ये आधार नाही, रक्कम तुटपुंजी आणि गाडी अवजड. तेथे मुले अडतात. ते कोडे कसे सुटते, हे आज मी सांगणार आहे.

हे कोडे आपल्या जिल्ह्यातही आहे. गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना सालेकसा मागे पडले की दरेकसा येते. हाजरा धबधबा आणि कचारगडची यात्रा यांमुळे हे स्टेशन आपणास परिचित आहे. तेथे सपाट भातशेती संपते आणि डोंगर, जंगल व नाले सुरू होतात. डोंगर आला तेथे रेल्वेने बोगदा खोदला, नाला आला तेथे पूल टाकला. नागपूर-छत्तीसगड रेल्वे प्रथम मीटरगेज होती. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. रूळ रुंद झाले की गाडी जड होते, आणि गाडी जड झाली की पुलाचे गणित नव्याने मांडावे लागते. खेळातला अवजड गाडीचा टप्पा तो हाच.

आता कोड्याकडे वळू. नवखा मुलगा रस्त्याखाली चौकोनामागून चौकोन जोडतो. गाडी मध्यावर आली की पूल कोसळतो. मग तो आणखी लाकूड लावतो. पूल पुन्हा कोसळतो, आणि या वेळी कदाचित गाडी येण्याआधीच! कारण वाढवलेल्या लाकडाचे ओझेही पुलालाच वाहावे लागते.

चूक कोठे आहे ते घरी करून पाहा. बांबूच्या चार कामट्या टोकांशी एकेका टाचणीने जोडा आणि चौकोन करा. बोटाने ढकलताच तो कलतो. तीन कामट्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलू शकत नाही. आपले सुतार हे जाणतात. कवेलूच्या छपराखालची कैची म्हणजे त्रिकोणच. तेव्हा प्रत्येक चौकोनात एक तिरपी काठी घाला.

दुसरी गोष्ट, पुलाची उंची. दोन्ही काठांवर टेकलेल्या पुलावर भार आला की त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. या दोन बाजूंत अंतर जितके जास्त, तितका त्यांच्यावरचा जोर कमी. म्हणून त्रिकोण मध्यावर उंच ठेवावेत, काठाकडे उतरते चालतील.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पूल पडला की सगळा ढिगारा पाहू नका. आधी कोणती काठी मोडली, तेवढेच पाहा. बाकीच्या तिच्यामागून मोडतात. तेवढीच एक मजबूत करा, आणि ज्या काठीवर जोर येतच नाही ती काढून टाका. पूल हलका होतो, पैसा वाचतो आणि गाडी पार जाते.

या तिरप्या रेषेने किती उंच जाता येते याचे उदाहरण म्हणजे फजलुर रहमान खान. ढाक्यात 1929 साली जन्मलेल्या या अभियंत्याने शिकागोच्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरच्या बाहेरून पोलादाचे मोठमोठे तिरपे पट्टे बसविले आणि वाऱ्याच्या जोराला तोंड दिले. ही इमारत 1969 मध्ये पूर्ण झाली. त्यांनीच रचना केलेला तेथील सिअर्स टॉवर 1998 पर्यंत जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून ओळखला जाई.

पण विद्यार्थी मित्रांनो, खेळ आणि अभियांत्रिकी यांत एक मोठे अंतर आहे. खेळातला पूल शंभरदा पडला तरी कोणाला ओरखडा येत नाही. कॅनडात क्वेबेक येथे 29 ऑगस्ट 1907 रोजी बांधकाम चालू असलेला पूल कोसळला आणि 75 कामगार मृत्युमुखी पडले. पुलाचे स्वतःचे वजन हिशेबात कमी धरले गेले होते, आणि खालचे दाबाखालचे भाग वाकून गेले. पाडून पाहण्याची सोय नसते, तेथे आधी गणित करावे लागते. खेळ काठी लाल झालेली दाखवतो. ती किती जोराने लाल झाली हे त्रिकोणमिती सांगते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मूल असा खेळ खेळत असेल तर एकदम रागावू नका. वेळेची मर्यादा अवश्य घाला, पण शेजारी बसून विचारा, “बेटा, आधी काय मोडले? ताणाने की दाबाने?” तुमचे स्वतःचे शिक्षण कमी झाले असेल तरी हा प्रश्न तुम्हाला विचारता येईल. उत्तर शोधण्यासाठी मूल पुस्तक उघडील. आणि दहावीनंतर “गणित अवघड आहे, सोडून दे” असा सल्ला देण्यापूर्वी थांबा. विशेषतः मुलींच्या बाबतीत हा सल्ला फार लवकर दिला जातो. गणित सोडले की अभियांत्रिकीचे दार बहुधा तेथेच बंद होते, आणि ते पुन्हा उघडणे कठीण जाते.

परीक्षेत गुण कमी पडले तरी हाच नियम लावा. सगळा ढिगारा पाहून मुलाला नालायक ठरवू नका. अपूर्णांक कच्चे आहेत की बीजगणित, आधी काय मोडले ते शोधा आणि तेथे एक तिरपी काठी घाला.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म आणि हिंमत देवो.