गाडी पळतेय, पण एकाच चाकावर!

आजचा एपिसोड गाडीतल्या अशा एका वस्तूबद्दल आहे, जी मेली तरी डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. गाडी ऑफिसला नेते, हायवेवर पळते, कसला आवाजही येत नाही. तिचं नाव लिमिटेड-स्लिप डिफरेन्शिअल, सोयीसाठी एलएसडी म्हणू.

मी मिशिगनमध्ये राहतो, काम सॉफ्टवेअरचं. बीटेकही कॉम्प्युटरचंच, त्यामुळे गिअरशी माझा संबंध पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंग शीटपुरता. पण माझ्याकडे १९९१ ची माझदा एमएक्स-५ आहे, जिला अमेरिकेत मियाटा म्हणतात. दोन सीट, १.६ लिटरचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. गेल्या वर्षी तिचं डिफरेन्शिअल बदललं. ते का बदललं, कसं बदललं आणि बदलल्यावर कशाची भीती बाळगायची, हे तीन मुद्दे आज घेऊ.

आधी डिफरेन्शिअल म्हणजे काय? शाळेतली परेड आठवा. रांग वळताना आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी कदमताल करतो आणि बाहेरच्या टोकाचा जवळजवळ धावतो. गाडी वळतानाही बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर एक चाक रस्त्यावर फरफटणार. म्हणून मधे डिफरेन्शिअल असतं. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं, पण ताकद दोघांना सारखीच देतं.

घोळ त्या 'सारखीच'मध्ये आहे. एक चाक बर्फावर असेल आणि त्याला शंभराच्या वर ताकद पेलवत नसेल, तर कोरड्या डांबरावरच्या दुसऱ्या चाकालाही शंभरच मिळते. बाकी ताकद बर्फावरचं चाक भिरभिरवण्यात जाते.

बाबांना फोनवर हे सांगत होतो, तर ते म्हणाले, "अरे, गाडी चालतेय ना? मग कशाला उचकटतोयस?" मी म्हटलं, "बाबा, ट्रॅक्टर चिखलात रुतला आणि एकच चाक फिरायला लागलं की तुम्ही काय करता?" "लॉकचं पेडल दाबतो." "माझ्या गाडीत ते काम आपोआप होतं. म्हणजे व्हायचं." मग ते म्हणाले, "असं सांग ना आधी!"

ट्रॅक्टरचं लॉक दोन्ही चाकं पूर्ण जखडतं. शेतात ते चालतं, पण रस्त्यावर वळताना नाही चालत. एलएसडी हा मधला मार्ग आहे. चाकांना थोडं वेगळं फिरू देतं, पण एकाला उधळू देत नाही.

एलएसडीचे तीन प्रकार नेहमी भेटतात. पहिला व्हिस्कस. एका बंद डब्यात पातळ चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात आणि मधे घट्ट सिलिकॉनचं द्रव. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की ते द्रव चकत्यांना अडवतं. दुसरा क्लच-टाइप. यात घर्षणाच्या प्लेट्स असतात. त्या झिजतात, पण उघडून बदलताही येतात. तिसरा टॉर्सन. यात ना द्रव ना प्लेट्स, सगळं काम खास आकाराच्या गिअरचं. घसरणारं चाक जेवढी ताकद पेलतं, त्याच्या ठरावीक पट ताकद तो दुसऱ्याला देऊ शकतो. प्रमाण ३ असेल, तर १०० ला ३००. पण चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्याची तिप्पट शून्यच, हेही लक्षात ठेवा.

माझ्या गाडीत व्हिस्कस होतं. तीस वर्षांच्या उष्णतेनं त्यातलं द्रव निकामी होतं. डबा सीलबंद असल्यामुळे दुरुस्तीही नाही. तो फुटत नाही, खडखडत नाही. हळूहळू साधं डिफरेन्शिअल होऊन जातो. आणि आपला पाय त्या हळूहळूला सरावतो, म्हणून कळतही नाही.

मग ओळखायचं कसं? मला संशय आला ऑटोक्रॉसमध्ये. मोकळ्या पार्किंगमध्ये कोन लावून वेळेविरुद्ध गाडी चालवतात, तो प्रकार. घट्ट वळणातून निघताना इंजिनचे आरपीएम चढायचे, आतलं मागचं चाक फिरायचं आणि गाडी पुढेच जायची नाही. पण संशय म्हणजे पुरावा नाही, म्हणून चाचणी केली. पुढच्या चाकांना पक्की अडण लावायची. मागचा भाग उचलून जॅक स्टँडवर ठेवायचा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मग एक चाक हातानं फिरवायचं. व्हिस्कस जिवंत असेल तर दुसरं चाक त्याच दिशेला जाऊ बघतं. माझं दुसरं चाक अगदी निवांत उलटं फिरलं. निकाल लागला.

दोन सूचना. टॉर्सनवर या चाचणीचा भरवसा धरू नका, चांगला टॉर्सनही उलटं फिरवून दाखवू शकतो. आणि एक चाक जमिनीवर ठेवून, इंजिन चालू करून गिअर टाकायचा प्रयोग अजिबात नको. एलएसडी चांगलं निघालं तर गाडी स्टँडवरून उडी मारेल!

आता बदलायचं कशानं? जुनं व्हिस्कस घेतलं तर तेही तीस वर्षांचंच. नवीन क्लच-टाइप हजार डॉलरच्या आसपास किंवा पुढे. मी तिसरा रस्ता धरला. १९९४ पासून मियाटात १.८ लिटरचं इंजिन आलं आणि त्याबरोबर सहाऐवजी सात इंची क्राऊन व्हीलचं मजबूत डिफरेन्शिअल, त्यात टॉर्सनचा पर्याय. भंगारातल्या गाडीतून ते मिळतं. पण नुसता गोळा आणून भागत नाही. घर, दोन्ही हाफ शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट असा अख्खा संच लागतो. पूर्ण घर घ्यायचं आणखी एक कारण आहे. आतलं युनिट वेगळं काढलं तर क्राऊन-पिनियनच्या दातांमधली फट पुन्हा जुळवावी लागते, आणि ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. हे घरच्या गॅरेजचं काम नाही.

कामात दोन दिवस गेले. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे बोल्ट गंजून बसलेले. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. मियाटात गिअरबॉक्स आणि डिफरेन्शिअल यांना जोडणारी लांब अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असते, तिच्यावरच गिअरबॉक्सचा भार असतो. म्हणून फ्रेम सोडण्याआधी गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक. परत बसवताना तिची उंची मोजून घ्यायची, नाहीतर वेग वाढला की गाडी थरथरते. गोळा जड असतो, दोघांनीच उतरवायचा. तेल जीएल-५, ७५डब्ल्यू-९०, साधारण एक लिटर. आणि कुठलंही डिफरेन्शिअल असो, आधी भरायचं झाकण उघडा, मग खालचं. तेल सांडून गेलं आणि वरचं झाकण गंजून निघेना, तर गाडी तिथेच उभी.

एक गंमत ऐका. जुन्या डिफरेन्शिअलचं गुणोत्तर ४.३० होतं, नव्याचं ४.१०. स्पीडोमीटर वेग गिअरबॉक्सकडून मोजतो, चाकांकडून नाही. त्यामुळे काटा ६० मैल दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ६३ नं पळत असते. गिअरबॉक्सवरचा स्पीडोमीटरचा छोटा गिअर बदलला की हिशोब जुळतो. नाहीतर पोलिसाला डिफरेन्शिअलची कथा सांगत बसा!

आता मुख्य गोष्ट, जी दुरुस्तीच्या आनंदात कुणी सांगत नाही. साधं डिफरेन्शिअल ओल्या रस्त्यावर एका परीनं माफ करतं. वळणात जास्त गॅस दिला तर आतलं चाक फिरतं, बाहेरचं मात्र रस्ता धरून ठेवतं. एलएसडी काम करत असेल तर दोन्ही चाकं एकत्र सुटू शकतात, आणि मग गाडीची शेपूट बाहेर येते. १९९१ च्या गाडीत सावरायला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. म्हणजे पाय जुन्या गाडीला सरावलेला आणि गाडी मात्र बदललेली. पहिला पाऊस धोक्याचा असतो तो यामुळे. मी पहिले काही आठवडे पावसात गाडी काढलीच नाही. कोरड्या, मोकळ्या जागेत पायाला नव्यानं शिकवलं, मग हायवेचे रॅम्प घेतले.

भारतात बहुतेक गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना आणि डिफरेन्शिअल साधं, तेव्हा तुम्हाला हे काम पडेलच असं नाही. पण थारच्या काही मॉडेलमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शिअल येतं, आणि जुन्या स्पोर्ट्स कार घेणारेही आपल्यात आहेत. त्यांनी एवढं करा. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले ठेवा. नाहीतर सरळ रस्त्यावरही चाकांचे वेग वेगळे राहतात आणि एलएसडी दिवसभर राबत राहतं. तेल वेळेवर बदला. जुनी गाडी घेताना कागदावर एलएसडी लिहिलंय म्हणून पैसे मोजू नका, आधी मागची चाकं उचलून बघा.

काही भाग बिघडले की ओरडतात, काही गप्प राहतात. गप्प राहणाऱ्यांची चौकशी आपणच करायची. पुढच्या भागात ब्रेकवर बोलू. तोपर्यंत सावकाश चालवा, काळजी घ्या!