जिल्ह्यातील रोजगार आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय मंडळानेच ठरवून दिला आहे, ‘जिल्ह्यातील रोजगाराचे बदलते स्वरूप’. आम्ही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि वीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून आहोत. पण कोणाचा पगार कुठून येतो, किती महिने येतो आणि कधी यायचा थांबतो, हे तिथून जितके स्वच्छ दिसते तितके विधानसभेतूनही दिसत नसेल. खातेदाराची गोष्ट बाहेर सांगणे आमच्या नोकरीत बसत नाही. म्हणून जे सांगू ते कोणाचे नाव न घेता.

आपली घराणी या भागात काही काल-परवा आलेली नाहीत. पेशवाईच्या अमलात कोणी दप्तरासाठी आले, कोणी फौजेबरोबर आले. पुढे शिंपीकाम, सोनारकाम, कापडाचा व्यापार घेऊन लोक येत राहिले. पण आजोबा-पणजोबांच्या पिढीला खरे स्थैर्य दिले ते रेल्वेने. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली आणि तिचे मुख्यालय धारवाडात झाले. (नावातला ‘मराठा’ हा जातीचा नव्हे, दक्षिण मराठा देशाचा. हे मुद्दाम सांगतो, कारण मागे एका बैठकीत चहा निवेपर्यंत यावर वाद झाला होता.) हुबळीत त्याच दशकात कारखाना उभा राहिला. १९०८ साली कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि मुख्यालय मद्रासला गेले. धारवाडची ती भव्य कचेरी पुढे १९१७ साली सुरू झालेल्या कर्नाटक कॉलेजला मिळाली. कचेरी गेली, पण तिच्याच इमारतीतून पदवीधर बाहेर पडू लागले आणि रेल्वेत, मामलेदार कचेरीत, पोस्टात, बँकेत, शाळेत जागा भरू लागले. आपल्यापैकी निम्म्या घरांचा इतिहास एवढ्या दोन वाक्यांत संपतो.

या इतिहासाने आपल्याला एक सवय लावली. नोकरी म्हणजे अर्ज, परीक्षा, नेमणूकपत्र, फंड आणि पेन्शन. बाकी सगळे ‘काहीतरी करतो’. सोयरीक ठरवताना ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला आपल्याकडे अजून दोनच उत्तरे चालतात, कायम आहे किंवा पुण्या-बंगळुरात आहे.

आता, जिल्ह्यात काम नाही असे जे म्हटले जाते ते खरे नाही. मोठ्या कचेऱ्या आणि संस्था गेल्या तशा आल्याही आहेत. १९९७ साली वायव्य कर्नाटक रस्ता वाहतूक महामंडळ निघाले, मुख्यालय हुबळीत. २००३ साली नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय हुबळीत आले. २००८ साली उच्च न्यायालयाचे खंडपीठ धारवाडात बसू लागले आणि २०१३ साली ते कायम झाले. २०१६ साली आयआयटी सुरू झाली. गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीतले व्हॉल्व्ह देशभर जातात. बेळूर औद्योगिक क्षेत्रात टाटांच्या बसगाड्या तयार होतात. गोकुळ रोडवरच इन्फोसिसची इमारत बांधून कित्येक वर्षे रिकामी उभी होती. शहरातल्या तरुणांनी आवाज उठवल्यावर २०२२ साली तिथे काम सुरू झाले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ४७ हजार होती आणि त्यातले ९ लाख ४३ हजार लोक एकट्या महापालिकेच्या हद्दीत होते. माणसे इकडे येत आहेत ती काम आहे म्हणूनच.

आणि काही गेलेही. त्यातले एक आम्हा बँकवाल्यांना फार लागले. १९७६ साली धारवाडात मलप्रभा ग्रामीण बँक निघाली. २००५ साली तिच्यात विजापूर, वरदा आणि नेत्रावती या ग्रामीण बँका मिळवून कर्नाटक विकास ग्रामीण बँक झाली, मुख्यालय धारवाडातच राहिले. १ मे २०२५ रोजी ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणाखाली तीही विलीन झाली आणि मुख्यालय बल्लारीला गेले. शाखा जागच्या जागी आहेत, कर्ज-ठेवी चालू आहेत, म्हणून कोणाला विशेष वाटले नाही. पण मुख्यालय म्हणजे नुसता फलक नव्हे. छापखाना, गाडीवाला, खानावळ, भाड्याची घरे, बदलीवर येणाऱ्यांची मुले ज्या शाळेत जातात ती शाळा, हे सगळे त्याच्या आधाराने जगते. १९०८ साली मद्रासला गेलेली कचेरी निदान कॉलेजसाठी इमारत तरी ठेवून गेली. या वेळी शहरात एक मोर्चासुद्धा निघाला नाही. आपल्या मंडळाने एक निवेदन द्यायला हवे होते असे आम्हाला वाटते.

पण आजचा खरा मुद्दा कामाच्या संख्येचा नाही, कामाच्या जातीचा आहे. काउंटरवरून दिसते ते असे. मुलगा आयटीआय होतो, औद्योगिक वसाहतीत लागतो, पगाराचे खाते उघडायला येतो. घरचे सगळे बरोबर येतात, कधी पेढेही येतात. पासबुकात पगार जमा होतो तो कारखान्याच्या नावाने नव्हे, कंत्राटदाराच्या नावाने. दहा-अकरा महिने जमा होतो आणि थांबतो. एक-दोन महिन्यांनी पुन्हा सुरू होतो, दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावाने. गेट तेच, मशीन तेच, सकाळची बस तीच. फक्त नोकरी नवी, म्हणजे सेवेची वर्षे पुन्हा शून्यापासून. पाच वर्षे सलग भरल्याशिवाय ग्रॅच्युइटी नाही, असा नियम होता. पाच वर्षे भरणार कशी? हाच मुलगा तीन-चार वर्षांनी घरकर्जाचा फॉर्म घेऊन येतो. पहिला रकाना असतो, नोकरी कायम की तात्पुरती. आम्हीच तो फॉर्म परत करतो, कारण नियम तसा आहे. मग तो आईच्या पाटल्या घेऊन सोनेतारणाच्या खिडकीवर येतो. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे सर्वांत लांब रांग कोणत्या खिडकीवर असते हे वेगळे सांगायला नको.

खेड्यांकडची बाजू थोडी सांगतो. जिल्ह्याचे दोन भाग आहेत. पश्चिमेला धारवाडचा मलनाड भाग, अळणावर, कलघटगी. पाऊस बरा, भात, मका, ऊस. आपले शेतकरी मराठी लोक मुख्यतः इकडेच. ऊस हल्ल्याळच्या कारखान्याला जातो. कापणी-तोडणीपुरते काम मिळते, मग मुले पहिल्या बसने शहरात येतात. पूर्वेला नवलगुंद, अण्णिगेरी, कुंदगोळची काळी जमीन. कापूस, मिरची, मूग, हरभरा, कांदा, आणि पाण्याची कायमची ओरड. १९८० च्या जुलैत नवलगुंद आणि नरगुंदला पाणीपट्टी आणि करांविरुद्ध शेतकरी उठले आणि गोळीबार झाला, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. म्हादई लवादाने २०१८ साली कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, पण कळसा-भांडुराचे पाणी अजून त्या शेतांत पोचलेले नाही.

कापसाचे तर धारवाडशी जुने नाते. १८४० च्या दशकात इंग्रजांनी इथल्या रानात अमेरिकन कापूस लावून पाहिला. १९७२ साली इथल्याच कृषी संशोधन केंद्रातून वरलक्ष्मी हे संकरित वाण बाहेर पडले आणि देशभर गेले. वाण इथले, कापूस इथला, पण सूत आणि कापड यांची मजुरी हळूहळू बाहेर गेली. हुबळीत भारत मिलचे नाव आता चौकाला उरले आहे. कापसावर शेवटपर्यंत इथेच काम होते ते मुख्यतः खादीत. धारवाड तालुक्यातील गरगला राष्ट्रध्वजाचे कापड विणले जाते आणि हुबळीच्या बेंगेरीत १९५७ साली स्थापन झालेला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ ध्वज शिवतो. सूत काढण्यापासून शिवण्यापर्यंत बहुतेक सगळे काम बायकांच्या हातचे. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलली. यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी घरोघरी तिरंगा लागला, आणि ध्वज शिवणाऱ्या गावातल्या बायका धरणे धरून बसल्या. दिल्लीतल्या एका ओळीच्या दुरुस्तीने इथल्या चुली कशा हलतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

एक चांगला बदलही सांगितला पाहिजे. २०२३ च्या जूनपासून बायकांना सरकारी बस मोफत झाली आणि ऑगस्टअखेर गृहलक्ष्मीचे दोन हजार सुरू झाले. फुकटच्या सवयी म्हणून आपल्या बैठकांत यावर नाके मुरडली जातात. आमचा अनुभव वेगळा आहे. पूर्वी खेड्यातून हुबळीला यायचे तर दिवसाच्या मजुरीतला मोठा हिस्सा तिकिटात जाई. आता त्या बायका कापड दुकानांत, दवाखान्यांत, पॅकिंगच्या कामाला रोज येतात आणि स्वतःचे खाते स्वतः चालवतात. नवऱ्याला मागे उभा करून स्लिप स्वतः भरणारी बाई वीस वर्षांपूर्वी आम्ही क्वचितच पाहिली होती.

आता आपल्या घरचा प्रश्न. १५ जुलै २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत स्थानिकांना आरक्षण देणारे विधेयक मंजूर केले. व्यवस्थापनाच्या जागांत ५० टक्के, बाकीच्यांत ७० टक्के. उद्योगपतींनी गलका केला आणि दोन दिवसांत ते बाजूला ठेवले गेले. आपल्याकडे अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, जणू ते आपल्याविरुद्धच होते. मसुदा किती जणांनी वाचला? त्यात स्थानिक कोण, तर कर्नाटकात जन्मलेला, १५ वर्षे राहिलेला आणि कन्नड लिहिता, वाचता, बोलता येणारा. दहावीला कन्नड नसेल तर परीक्षा द्यायची.

यातल्या राहण्याच्या अटीची आपल्याला चिंता नाही. अडचण आहे ती जन्माची, आणि ती कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. आपल्या सुना येतात मिरज, कोल्हापूर, सांगली, पुण्याहून. पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे पाच पिढ्या हुबळीत काढलेल्या घरातल्या थोरल्या मुलाचा जन्मदाखला मिरज नगरपालिकेचा, आणि धाकटा हुबळीचा. या मसुद्याप्रमाणे धाकटा स्थानिक आणि थोरला परका! हसू नका, विधेयक पुन्हा आले तर हा प्रश्न आपल्या घराघरांत येणार आहे. आपल्याच धारवाडच्या खासदार राहिलेल्या डॉ. सरोजिनी महिषी यांच्या समितीने १९८६ साली अंतिम अहवाल दिला. त्यात कन्नडिगाची व्याख्या १५ वर्षांचा रहिवास आणि भाषेचे ज्ञान एवढीच होती. ती व्याख्या परत आणा, ही मागणी मंडळाने लेखी करावी. ती कोणाविरुद्ध नाही. सीमेवरच्या कन्नड घरांतल्या सुनाही सोलापूर-अक्कलकोटहून येतात, त्यांचीही हीच गत होणार आहे.

कन्नडची अट मात्र आम्हाला गैर वाटत नाही, हे स्पष्ट सांगतो. घरात मराठी, बाजारात कन्नड, हे आपल्या आजीला न शिकवता येत होते. आपल्या मुलांना बोलता येते, लिहिता येत नाही, कारण मार्कांसाठी आपण त्यांना संस्कृत घ्यायला लावले. बँकेच्या परीक्षेत पास झालेला मुलगा स्थानिक भाषेच्या चाचणीपाशी अडतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्याला आपल्या राजकारणाचा काही उपयोग होत नाही.

आणि स्थानिक ठरूनही मिळणार काय, तर पुन्हा अकरा महिन्यांचे कंत्राटच असेल तर त्या ७० टक्क्यांना काय अर्थ? म्हणून आमच्या मते भांडण भाषेच्या रेघेवर नव्हे, नेमणूकपत्रावर व्हावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यांतले काही आम्हाला पटतात. पण दोन गोष्टी आपल्या मुलांच्या हाताशी आल्या आहेत. प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र द्यावे लागते, आणि मुदतीच्या नेमणुकीवर घेतलेल्याला एक वर्ष भरल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. अकरा महिन्यांवर माणूस बदलण्याचा मोह आता आणखी वाढेल, हे उघड आहे. तेव्हा ज्या मुलाला अकराव्या महिन्यात घरी बसवले जाईल त्याच्याकडे पत्र, पगाराची चिठ्ठी आणि पासबुकातील नोंद, हे तिन्ही कागद असले पाहिजेत. कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी मुले एकाच गेटवर उभी असतात. त्यांनी ते कागद एकत्र नेऊन कामगार खात्यात दाखवले तर खात्याला नुसता शिक्का मारून परत पाठवता येणार नाही.

मंडळाच्या कार्यालयात येत्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा आम्ही आणि आणखी दोन निवृत्त कर्मचारी बसणार आहोत. मुलांना नेमणूकपत्र, फंडाचा नंबर आणि पासबुक घेऊन पाठवा. ज्यांच्या घरी बाहेरगावचा जन्मदाखला आहे त्यांनी निवेदनासाठी नाव नोंदवावे. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.