समुद्रकांठीं घर घेण्यापूर्वीं

कोंकणांतील जागांचे सौदे बहुधा मार्गशीर्ष-पौषांत ठरतात. त्या दिवसांत हवा कोरडी असते, आकाश निरभ्र असतें, सुपारीच्या वाडींत उन्हाची जाळी पसरलेली असते, आणि जागा दाखविणाऱ्या दलालाची वाणी तर शहाळ्याच्या पाण्याहूनहि गोड असते. अशा वेळीं शहरांतून आलेल्या माणसाचें मन विरघळलें नाहीं तरच नवल.

कल्पना करावी कीं, पुण्यांतील एक निवृत्त गृहस्थ आपल्या पत्नीसह अशाच एका सकाळीं दिवेआगरास गेले आहेत. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेंतून त्यांनीं साठ लाख रुपये बाजूस काढले आहेत. समुद्रकांठीं लहानसें घर घ्यावें, वर्षांतून पंधरा दिवस आपण राहावें, आणि बाकीचे दिवस तें पाहुण्यांस भाड्यानें देऊन उतारवयांत चार पैसे मिळवावे, असा त्यांचा बेत आहे. बेत वाईट नाहीं. कोंकणांत अशीं शेंकडों घरें आज चाललेलीं आहेत, आणि त्यांतलीं कित्येक उत्तम चाललेलीं आहेत. परंतु या साठ लाखांखेरीज त्यांच्यापाशीं मोठीशी शिल्लक नाहीं, आणि झालेली चूक भरून काढावयास नोकरीचीं वर्षेंहि आतां पुढें नाहींत. म्हणून त्यांच्या निवडीस महत्त्व आहे. हौसेसाठीं घर घेणारा श्रीमंत मनुष्य चुकला तर त्याची हौस जाते; यांचें म्हातारपण जाईल.

दलाल त्यांना पुळणीस अगदीं लागून असलेला एक भूखंड दाखवितो. समोर सुरूचीं झाडें, त्यापलीकडे लाटा. गृहस्थ भारावून जातात. त्यांच्या पत्नी मात्र वाळूंत रुतलेला एक वाळका ओंडका पाहून म्हणतात, "अहो, भरतीचें पाणी कुठपर्यंत येतें, तें विचारून घ्या ना." या एका प्रश्नांत अर्धें शहाणपण आलें. पण त्याचा विचार थोड्या वेळानें करणें बरें. कारण त्याच्याहि आधींचा एक प्रश्न आहे, आणि तो समुद्राचा नसून रस्त्याचा आहे.

स्वतः राहण्याचें घर आपल्या आवडीनें निवडावें; भाड्यानें देण्याचें घर पाहुण्याच्या शुक्रवार संध्याकाळवरून निवडावें. कचेरी सुटल्यावर मुलांना गाडींत घालून निघालेला मनुष्य चार-पांच तासांत पोहोंचला पाहिजे, नाहींतर दोन दिवसांच्या सुटींतला एक दिवस रस्त्यावरच जातो. मुंबईकरांना या हिशेबानें अलिबाग, नागांव, फार तर काशीद हा टापू जवळ पडतो. गेटवेपासून मांडव्यापर्यंत लांचा आहेत, त्या पावसाळ्यांत बंद असतात. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी मोठी बोटहि सुरू झाली. पुढें २०२४ च्या जानेवारींत शिवडी ते न्हावा-शेवा हा जवळजवळ २२ किलोमीटरांचा सागरी पूल खुला झाला. त्यामुळें अलिबाग मुंबईच्या आणखी जवळ आलें, आणि तेथील जमीन मध्यमवर्गाच्या हाताबाहेर गेली. साठ लाखांत तेथें समुद्र दिसणार नाहीं. कदाचित् ऐकूंहि येणार नाहीं.

पुणेकरांचा रस्ता निराळा. त्यांस ताम्हिणी घाट उतरून माणगांव-म्हसळ्यावरून दिवेआगर व श्रीवर्धन हीं गांवें सोयीचीं पडतात. दापोलीकडील मुरूड, कर्दें, आंजर्लें हीं त्याच्या पुढचीं. गुहागर त्याहूनहि लांब. तेथें घर असेल तर पाहुणा जोडून सुटी आल्यावांचून येणार नाहीं. मालवण-तारकर्लीचा हिशेब तर सर्वस्वीं वेगळा आहे. तेथें मनुष्य दोन दिवसांकरितां जात नाहीं, चार-पांच दिवसांकरितां जातो. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सलग धांवूं लागल्यापासून कुडाळला उतरून तेथें जातां येऊं लागलें. २०२३ च्या जानेवारींत गोव्याच्या उत्तर टोंकास मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यावर दूरच्या प्रांतांतील पाहुणेहि वेंगुर्ल्या-मालवणकडे वळूं लागले. किल्ला आहे, पाण्याखालीं बुडी मारून मासे व प्रवाळ पाहण्याची सोय आहे. म्हणजे तेथें आठवड्याअखेरचा धंदा नाहीं, हंगामाचा आहे; आणि मालक पुण्यांत बसून असेल तर त्याला तें घर डोळ्यांनीं पाहावयास वर्षांतून दोनदां जाणें होईल. गोव्यासंबंधीं एवढेंच सांगणें पुरे कीं, तेथें घर पर्यटकांस भाड्यानें द्यावयाचें तर १९८२ च्या कायद्याप्रमाणें पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते, आणि स्पर्धा अशी आहे कीं नवख्यानें तेथें हात घालण्यापूर्वीं दहादां विचार करावा.

आतां पत्नींच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. भरतीचें पाणी कोठपर्यंत येतें हा प्रश्न लाटांचा आहे तसाच कायद्याचाहि आहे. केंद्र सरकारनें १९९१ च्या फेब्रुवारींत किनाऱ्याच्या नियमनाची पहिली अधिसूचना काढली. ती २०११ सालीं व पुन्हां २०१९ सालीं बदलण्यांत आली. तिचें सार असें : समुद्राकांठीं भरतीरेषेपासून आंत ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखालीं येतो, आणि ग्रामीण भागांत त्यांतील पहिले २०० मीटर नव्या बांधकामास बंद असतात. २०१९ च्या अधिसूचनेनें दाट वस्तीच्या खेड्यांना ही मर्यादा ५० मीटरवर आणली खरी. पण दाट म्हणजे दर चौरस किलोमीटरला २१६१ माणसांहून अधिक, आणि नारळी-पोफळींच्या वाड्यांतून विखुरलेल्या गांवांत इतकी दाटी क्वचितच असते. तेव्हां "समुद्राला लागून" हे दलालाचे शब्द कानीं पडले कीं, ऐकणाऱ्यानें सुखावून न जातां सावध व्हावें. त्या जमिनीवर ढेकळें पाहतां येतील, घर बांधतां येणार नाहीं. आणि कोणी तें बांधून ठेवलें असेल तर तें विकत घेणें म्हणजे दुसऱ्याचा खटला आपल्या नांवावर करून घेणें होय. २०१९ च्या मार्चमध्यें अलिबागेजवळ किहीमच्या किनाऱ्यावरील एक भला थोरला अनधिकृत बंगला सरकारनें सुरुंग लावून पाडला, ही गोष्ट पुष्कळांस आठवत असेल. बंगला भक्कम होता. म्हणून तर सुरुंग लागले!

कागदांची दुसरी गोम जमिनीच्या जातीची. सातबाऱ्यावर जमीन शेतीची असेल तर, १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणें, जो शेतकरी नाहीं त्याला ती परवानगीवांचून घेतां येत नाहीं. शिवाय कोंकणांतील सातबारा म्हणजे एक लहानसें कुटुंबपुराण असतें. त्यावर चुलते, पुतणे, मुंबईस गेलेले भाऊ, दिल्या घरीं नांदणाऱ्या बहिणी अशीं वीस-वीस नांवें असतात, आणि त्यांतल्या एकाची सही राहिली तरी सौदा लंगडा पडतो. यासाठीं फेरफाराच्या जुन्या नोंदी तालुक्याच्या वकिलाकडून तपासून घ्याव्या. त्याची फी देतांना हात आंखडतो, ही आपल्या लोकांची एक विचित्र खोड आहे. साठ लाखांचा व्यवहार दलालाच्या शब्दावर करावयाचा आणि कांहीं हजारांसाठीं वकिलाशीं घासाघीस करावयाची!

हें सर्व कागदावर जुळलें तरी समुद्र उरतोच. मालवणजवळचें देवबाग पाहावें. एका बाजूस कर्ली नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि मधोमध वाळूची चिंचोळी पट्टी. पाहणाऱ्याचें भान हरपावें असें स्थान. पण प्रत्येक पावसाळ्यांत लाटा त्या पट्टीचा लचका तोडतात, आणि घरें वांचविण्यासाठीं दगडांचे बंधारे घालावे लागतात. वादळाची गोष्ट तर ताजीच आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें आणि मुरूड-श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. छपरें पुन्हां घालतां येतात. पोफळ लावल्यापासून फळास येण्यास मात्र सहा-सात वर्षें जातात. त्या वर्षांत कित्येक कुटुंबांना पाहुण्यांच्या खोल्यांनींच तारलें. यांतून शहरी खरेदीदारानें एक गोष्ट ध्यानीं धरावी. गांवांतील स्पर्धक म्हणून ज्या घरांकडे तो पाहतो, त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव त्याच्या भांडवलाहून मोठा आहे. त्यांच्यापैकींच कोणी त्याचें घर सांभाळावयास राजी झाला तर घर चालेल, एरव्हीं नाहीं. पाहुण्याला खोलीपेक्षां जेवण अधिक आठवतें. गरम भात, सोलकढी, सांगितल्या वेळीं उकडीचे मोदक, हें शहरांतून पाठवितां येत नाहीं; आणि खारट चहा मिळाल्याची पाहुण्याची तक्रार मात्र आतां मोबाइलवरून घटकेंत जगभर वाचली जाते.

आतां पैशांचा हिशेब. वर्षाचे आठवडे ५२. पैकीं पावसाळ्याचे सोळा-सतरा वजा जातां पस्तीस उरले. दर आठवड्यास दोन रात्रीं धरल्या तर सत्तर. दिवाळी, नाताळ व मे महिन्याच्या आणखी तीस. शंभर रात्रीं ही झाली घर एकदांहि रिकामें न राहिल्यास मिळणारी संख्या. ऐंशीं धराव्या, आणि पहिल्या वर्षीं तेवढ्याहि धरूं नयेत. समजा, रात्रीचें भाडें चार हजार. तर वर्षाचें उत्पन्न तीन लाख वीस हजार. राखणदाराला दरमहा दहा हजार, आणि हे पैसे पावसाळ्यांतहि द्यावे लागतात, म्हणजे एक लाख वीस हजार गेले. वीज, चादरींची धुलाई, रंग, गळती, गंजलेल्या कड्या-बिजागऱ्या, मोटारपंप यांना ऐंशीं हजार. शिल्लक एक लाख वीस हजार. साठ लाखांवर हें शेंकडा दोन पडतें. बँकेंतील ठेवीवर याहून अधिक मिळतें. जागेची किंमत वाढेल हें खरें, पण वाढलेली किंमत जागा विकल्यावरच हातीं येते, आणि जागा विकावयास काढली कीं त्या वीस सह्यांची आठवण पुन्हां होते. हा हिशेब ऐकून कोणी घर घेऊंच नये असें नाहीं. मात्र भांडवल निम्म्यावर आणतां आलें, म्हणजे नवा बंगला न बांधतां गांवांतलें जुनें कौलारू घर घेऊन दुरुस्त केलें, तर तेंच उत्पन्न शेंकडा चारावर जातें, आणि पाहुण्यालाहि जांभ्याच्या भिंतींचें, ओटीचें घर सिमेंटच्या पेटीपेक्षां अधिक आवडतें.

त्या गृहस्थांनीं एक गोष्ट फार चांगली केली. इसाराचा चेक लिहून तयार होता. पण पत्नींच्या आग्रहास्तव त्यांनीं तो फाडून दिला नाहीं, आणि श्रावणांत ते दोघे पुन्हां दिवेआगरास गेले. घाटांत दरड आली होती म्हणून अडीच तास खोळंबा झाला. पौषांतली ती निळी पुळण आतां राखाडी व खवळलेली होती, आणि दाखविलेल्या भूखंडाचें कुंपण ओल्या वाळूंत अर्धें गाडलें गेलें होतें. शेजारच्या एका नव्या बंगल्याच्या खिडक्यांचे गज गंजून तांबडे झाले होते व आंतल्या भिंतींवर बुरशीचे नकाशे उमटले होते. मग तीं दोघें समुद्राकडे पाठ करून गांवांत शिरलीं. समुद्रापासून बरीच आंत, एका आळींत, त्यांना एक बंद घर दिसलें. कौलें थोडीं सरकलेलीं, पण जोतें उंच, जांभा कोरडा, मागें दहा-बारा पोफळी आणि एक विहीर. शेजारच्या वयस्क बाईंनीं त्यांना ओटीवर बसवून चहा दिला.

पत्नींनीं विचारलें, "काकू, या विहिरीला मे महिन्यांत पाणी असतें का?"

"पाणी असतं हो," काकू म्हणाल्या, "पण पलीकडच्या वाडींत त्यांनीं पाहुण्यांसाठीं मोठा पंप बसविला, तेव्हांपासून वैशाखांत थोडं मचूळ लागतं. तुम्हीहि पंप लावणार असाल ना?"

या प्रश्नाला उत्तर देणें सोपें नव्हतें. वाळूच्या जमिनींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. उपसा बेताचा असेल तोंवर दोन्हीं आपापल्या जागीं राहतात, आणि पंप तासन् तास चालला कीं खालचें खारें वर चढतें. एका घरानें चार न्हाणीघरें बांधलीं कीं त्याची चव आळींतल्या सर्वांच्या तोंडीं येते. काकूंना शास्त्र ठाऊक नसेल, पण चव ठाऊक होती.

गृहस्थांनीं परसांत जाऊन पोहरा सोडला व ओंजळभर पाणी पिऊन पाहिलें. पाणी गोड होतें. पण महिना श्रावणाचा होता. दोन न्हाणीघरांवर भागेल कीं नाहीं, छपराचें पाणी सांठवावयास टांकी कोठें बसेल, याची मापें पत्नींनीं वहीच्या पानावर टिपून घेतलीं. काकूंना घरमालकांचा मुंबईचा पत्ता विचारला, आणि वैशाखांत पाण्याची चव पाहावयास पुन्हां येण्याचें ठरवून तीं दोघें परतलीं.