चार चौकटींत आपली गोष्ट
(गिरड येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, ‘मला कुठं लिहिता येतं’ म्हणत आपण आपली गोष्ट दुसऱ्याच्या हाती देतो. मग अर्जात आपण नुसत्या ‘सदर महिला’ होतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यावर २०११ साली ‘भीमायन’ ही चित्रकथा निघाली. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची. १९०१ साली लहानगा भीम मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे निघाला, वाटेत त्याला कुणी पाणी दिलं नाही, तो प्रसंग त्यात आहे. टोचणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला तिथे विंचवाची नांगी आहे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ती कळते.

मागच्या बैठकीत एकीने चार चौकटी काढल्या. माणसं काड्यांचीच. तिसरीत बंद दार, बाहेर ती आणि लेकरू. दोन वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. शेजारची म्हणाली, ‘‘हे दार तं माह्या घरचं हाये वं!’’

चित्र भिंतीवर लावायचं का, हे तिनेच ठरवायचं. ती ‘सध्या नको’ म्हणाली. चित्र तिच्याकडेच आहे.

आता कागद वाटते. चित्र सुबक नको, खरं हवं.