पकडल्यापासून सोडेपर्यंत



अमरावती-अकोल्याच्या सर्पमित्रांनो, नांदगाव खंडेश्वरातल्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. साप ओळखावा कसा, धरावा कसा, यावर सकाळपासून चांगली चर्चा झाली. मला त्यापुढच्या वेळेबद्दल बोलायचं आहे. साप बरणीत गेला, झाकण लागलं, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. तिथपासून तो मोकळा होईपर्यंत त्याच्या अंगाचं तापमान सांभाळणं हे आपलं काम आहे, आणि ते आपण अजून काम म्हणून मानलेलं नाही.

मे महिन्याची दुपार. "साप निंगाला, लवकर या भाऊ," असा फोन येतो. कुटाराच्या ढिगातून धामण निघते. सावलीतच ४४ अंश तापमान, बरणी दुचाकीच्या डिकीत, आणि डिकी उन्हात. काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापू शकते. बंद डिकीचीही तीच तऱ्हा. बहुतेक सापांचं अंग चाळिशीच्या पुढे तापलं की जिवाला धोका सुरू होतो.

सापाला घाम येत नाही. ऊन वाढलं की तो बिळात शिरतो, धुऱ्यावरच्या दगडाखाली जातो, सावली धरतो. जागा बदलणं हाच त्याचा बचाव. बरणीत घातल्याबरोबर आपण त्याचा हा बचाव काढून घेतो, म्हणून पुढची जबाबदारी आपोआप आपल्यावर येते.

एका उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात एक नाग आणला होता. आणणारी मुलं प्रामाणिक होती, त्यांनी तो सफाईनं धरला होता. "आधी लय फुत्कारत होता, आता शांत झाला," असं ती सांगत होती. बरणीच्या आतून वाफेचे थेंब ओघळत होते. नागाचं तोंड झाकणाच्या भोकांशी, जबडा उघडा. बाहेर काढून हुकनं उलटा केला, तर त्याला सरळ होता येईना. ज्याला ती मुलं शांतपणा समजत होती, तो उष्माघात होता. सावकाश गार केलं, तरी रात्री तो गेला. कधी कधी असा साप सोडताना सरपटत जातोही, आपण टाळ्या वाजवतो. पण तापलेल्या अंगात आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर जीव घेऊ शकते.

उपाय महागडे नाहीत. पारदर्शक बरणीपेक्षा सुती पिशवी बरी. तिचं तोंड पक्कं बांधून ती कडक, हवेशीर डब्यात ठेवा. विषारी साप असेल तर पिशवीला हात लावायचा नाही, कापडातूनही दात लागतो. डबा थर्माकोलच्या पेटीत, पेटीला भोकं, आणि एका कडेला गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. बर्फ सापाच्या अंगाला लागू देऊ नका. चिंब ओलं फडकंही नको, त्यानं श्वास कोंडतो. आतलं कमाल-किमान तापमान दाखवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर पेटीत असायलाच हवा. २० ते २८ अंश ही बहुतेक सापांसाठी प्रवासाची सुरक्षित मर्यादा.

सगळ्यात मोठा उपाय म्हणजे अंतर कमी करणं. पकडलेला प्रत्येक साप अमरावतीजवळच्या पोहरा-मालखेडच्या जंगलातच न्यायचा, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. धामण वावरातल्या उंदरांवर जगते. तिला अनोळखी रानात सोडणं म्हणजे तिचं घर हिरावणं. दूर नेऊन सोडलेल्या सापांमध्ये मृत्यू जास्त होतात, हे परदेशातल्या अभ्यासांतही दिसून आलं आहे. जवळच्या सुरक्षित जागी सोडला तर ऊनही टळतं आणि घरही राहतं. वाटेत शाळेत दाखवणं, चौकात फोटो काढणं, हे सगळं बंद झालं पाहिजे. मी हे कळकळीनं सांगतो.

वाटेतल्या तापमानाचा हाच प्रश्न पाळीव प्राण्यांचाही आहे, त्याबद्दल थोडं. आपले देशी साप, घोरपड, कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, त्यावर वाद नको. पण बॉल पायथन, इग्वाना यांसारखे परदेशी प्राणी शहरांत पाळले जातात. याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनं त्यांतल्या, वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या, २०२४ च्या नियमांनी नोंदणी आली. प्राणी पोचवायची पद्धत मात्र तीच: खोकं, चिकटपट्टी आणि खासगी बसची डिकी. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. मेच्या दुपारी तिथं थांबलेल्या बसच्या डिकीला हात लावून पाहा. डिसेंबरच्या रात्री उलटं होतं. त्यासाठी लोक गरम पुड्या टाकतात. त्यांतली लोखंडाची भुकटी हवेतला प्राणवायू घेऊन तापते. हवाबंद खोक्यात ती विझते आणि प्राण्याच्या वाटची हवाही खाते, अंगाला टेकली तर भाजते. निघण्याआधी पोटभर खाऊ घालणं ही तर वाईटच माया. गारठ्यात पचन थांबतं, अन्न पोटात कुजतं.

प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे केंद्रीय नियम उघडून पाहा. कुत्री-मांजरं, माकडं, गुरं, घोडे, शेळ्या-मेंढ्या यांची प्रकरणं आहेत, सापांसाठी वेगळं प्रकरण नाही. ते यावं, असा ठराव आज मांडावा, ही माझी विनंती. तोवर आपलं आपण सुरू करू. वनविभागाला आपण देतो त्या नोंदीत गाव, जात आणि लांबी असते. त्यात तीन रकाने वाढवा: पकडल्याची वेळ, सोडल्याची वेळ, आणि पेटीतलं कमाल तापमान. एप्रिल लागण्याआधी हा तक्ता प्रत्येक तालुक्यात पोचवायची जबाबदारी मी घेतो.