बाळाच्या वाटीत काय पडते?



आज मी तान्ह्या बाळाच्या जेवणाविषयी बोलणार आहे. तुम्हाला वाटेल, हे बायांचे काम, यात मास्तर काय सांगणार? पण बाळाच्या वाटीत जे पडते ते शेतातून येते. शेतात काय पडते ते बाप पाहतो. म्हणून माझे बोलणे दोघांसाठी आहे.

आधी एका शब्दाचा विचार करू. धानावर कीड आली की आपण म्हणतो, "औषध मारून येतो." औषध कशाला म्हणतात? ज्याने दुखणे बरे होते त्याला. मग या डब्यावर काय लिहिले असते? तुम्ही आता वाचू लागला आहात. डबा हाती घ्या आणि वाचा. त्यावर एक तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल रंग सर्वांत जहाल. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल डब्यावर कवटी आणि हाडे काढलेली असतात. लाल आणि पिवळ्या डब्यावर 'विष' हा शब्दच छापलेला असतो. म्हणजे दुकानदार आपल्याला विष म्हणून विकतो आणि आपण औषध म्हणून घरी आणतो!

हे विष काय करते? २०१७ साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसाहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो माणसे दवाखान्यात गेली. ती धडधाकट माणसे होती.

भाजीवर किंवा दाण्यात जे विष उरते ते फार थोडे असते. एका घासाने बाळ आजारी पडत नाही. पण थेंबे थेंबे तळे साचे. बाळाचे अंग लहान. वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा जास्त खाते. त्याचा मेंदू, काळीज, मूत्रपिंडे अजून घडत असतात. म्हणून युरोपातील देशांनी १९९९ साली बाळांच्या अन्नासाठी फार कडक नियम केला. एक हजार क्विंटल अन्नात एका विषाचा अंश एक ग्रामपेक्षा जास्त नको! तिकडचे बाळ आणि आपले बाळ यांत फरक आहे काय?

मग बाळाला काय द्यावे?

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको. दुधाच्या भुकटीच्या डब्यावरही कायद्याने लिहावे लागते की आईचे दूधच बाळासाठी उत्तम. हा कायदा १९९२ सालचा आहे.

सहा महिने पूर्ण झाले की दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करावे. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही दूध पाजावे. वरचे अन्न बिनविषारी खताफवाऱ्याचे असेल तर उत्तम. शेणखत, पालापाचोळा, निंबोळी यांवर पिकविलेल्या अन्नाला 'सेंद्रिय' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, सगळे धान बिनफवारणीचे केले आणि कीड पडली तर खावे काय?"

तुमचे म्हणणे खरे आहे. मी सगळे शेत म्हणत नाही. बाळाला लागते किती? रोज मूठभर तांदूळ धरला तरी वर्षाला वीस किलोच्या आसपास. त्यासाठी एक लहान बांधी पुरे. मात्र ती वरच्या अंगाची निवडा. बांधीतून बांधीत पाणी उतरते. खालची बांधी घेतली तर वरचे विष तिच्यात येईल. त्याच बांधीच्या धुऱ्यावर तूर लावा. डाळही झाली. घरामागे मुनगा, लाल कोहळा, पालक लावा. ज्याला शेत नाही त्यालाही एवढे जमते. आपल्या केशोरीची मिरची नावाजलेली आहे. पण मिरचीवर फवारणी फार होते. म्हणून बाळाची भाजी मिरचीच्या वाफ्याजवळ लावू नका. वारा फवारा उडवून आणतो.

भाजीवर कीड आली तर अर्धा किलो वाळलेली निंबोळी कुटावी. रात्रभर पाण्यात भिजवावी. सकाळी गाळून दहा लिटर पाणी करावे आणि शिंपडावे.

काही गोष्टी मात्र कधीही करू नका. रंग लावलेले बियाणे धुऊनही शिजवू नका. विषाचा रिकामा डबा पाण्याला, तेलाला, धान्याला वापरू नका. धान्यात किडीच्या गोळ्या टाकून ते धान्य घरात ठेवू नका. त्यांचा वायू माणसाला मारतो. धान्य कडक उन्हात वाळवा, कडुनिंबाचा पाला घाला, कोठी घट्ट लावा. आणि फवारणी करून आलेल्या बापाने आंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला उचलावे.

बाजारातून पुडा घ्यावयाचा असेल तर वाचून घ्या. हिरवे दिसले म्हणजे सेंद्रिय नव्हे. चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. विषाच्या डब्यावरचा हिरवा रंग म्हणजे कमी जहाल विष. सेंद्रिय मालावर 'जैविक भारत' असे चिन्ह असते. पण महाग पुड्यासाठी कर्ज काढू नका.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सेंद्रिय म्हणून नुसती पातळ पेज दिली तर बाळ वाळते. भात, डाळ, भाजी आणि चमचाभर तेल किंवा तूप एकत्र घोटून द्या. चमच्यातून ओघळणार नाही इतके घट्ट हवे. चालत असेल तर अंडे द्या. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. एक वर्षापर्यंत मध, मीठ, साखर नको. घरची भाजी नसेल तर बाजारची आणा. भरपूर पाण्यात धुवा, साल काढा. धुतल्याने वरचे विष जाते, आत मुरलेले जात नाही. तरीही भाजीच न देण्यापेक्षा ती बरी. अंगणवाडीचा आहारही नाकारू नका.

रोवणी जवळ आली की बांधी ठरवा. धुऱ्यावर एक काठी रोवा. नवराबायकोने मिळून ठरवा की या काठीच्या आत विष जाणार नाही. आणि आजपासून त्या डब्याला औषध म्हणू नका. विष म्हणा. घरातल्या पोरांनाही तसेच म्हणावयास शिकवा.