इमान, हिशेब आणि हक्क

धाराशिव जिल्ह्यांतील ढोकी हें कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गावरील गांव. पूर्वीं येथून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी जात असे. तो मार्ग आतां रुंद झाला आहे. जवळच संत गोरोबाकाकांचें तेर, भोंवतीं तेरणेच्या खोऱ्यांतील जमीन. कोठें पावसावर येणारी ज्वारी, तर कोठें पाण्याच्या आधारें वाढणारा ऊंस. या भागांतील शेतकऱ्याचें बोलणें जरा कान देऊन ऐकावें. उधारी फिटली म्हणजे 'हिशेब' चुकता झाला असें तो म्हणतो. बांधावरून तंटा झाला म्हणजे 'हक्क' सांगतो. रास मनासारखी उतरली म्हणजे 'बरकत' आली म्हणतो. शब्दाला जागणारा गडी त्याच्या लेखीं 'इमानी' आणि फसविणारा 'बेइमान'. हे सारे शब्द मूळच्या अरबी शब्दांवरून आले आहेत. बहामनी, निजामशाही, आदिलशाही आणि शेवटीं निजामाचें राज्य, अशा अनेक राजवटींच्या दफ्तरांतून ते मराठींत उतरले. शिवछत्रपतींनीं राजव्यवहारकोश करवून कारभारांतील पुष्कळ परकीय शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजविले. पण हे शब्द तोंवर चुलीपाशीं आणि खळ्यांत जाऊन बसले होते, म्हणून टिकले.

शब्द घरचा झाला. त्याच्यामागील विचार मात्र शेजारच्या घरांतच राहिला. एका वेशीच्या आंत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या लोकांपैकीं कितीजणांस शेजाऱ्याच्या धर्माच्या मूळ कल्पना चार वाक्यांत सांगतां येतील? जेथें माहिती नसते तेथें अफवा येऊन बसते, आणि अफवेनें झालेली हानि सर्व गांवास भोगावी लागते. यासाठीं या ओळखीच्या शब्दांचेंच बोट धरून इस्लामी जीवनदृष्टीचा परिचय करून घेणें सोयीचें होईल.

प्रथम 'इस्लाम' हाच शब्द घेऊं. ज्या धातूपासून तो बनला आहे त्यांत शरण जाणें आणि शांति हे दोन्ही भाव आहेत. ईश्वराच्या आज्ञेस स्वेच्छेनें शरण जाणें व त्या योगें शांति मिळविणें असा त्याचा आशय होय. मुसलमान आपल्या धर्मास 'दीन' म्हणतात. संस्कृतांतील 'दीन' म्हणजे दरिद्री. त्याचा याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. अरबी 'दीन' म्हणजे जगण्याची सबंध रीत. पूजास्थानांतील उपासना, बाजारांतील देवघेव, घरांतील वागणूक आणि वारसांची वांटणी हीं सारीं तिच्यांत येतात.

आतां 'इमान'. मराठींत याचा अर्थ प्रामाणिकपणा असा झाला आहे. मूळ अरबींत 'ईमान' म्हणजे श्रद्धा. 'अमानत' म्हणजे विश्वासानें सोंपविलेली ठेव, हा शब्दहि त्याच कुळांतला. ज्याच्या हातीं ठेव सुरक्षित तो श्रद्धावान, असा या दोहोंचा संबंध मराठी माणसानें नकळत ओळखला आहे. ईमानाचीं सहा अंगें सांगितलीं जातात: एक ईश्वर, त्याचे देवदूत, त्यानें पाठविलेले ग्रंथ, त्याचे प्रेषित, अंतिम न्यायाचा दिवस आणि ईश्वरी नियति. शिया पंथांत या तत्त्वांची मांडणी थोडी निराळी आहे. पण ईश्वराचें एकत्व, प्रेषितांची परंपरा आणि अंतिम न्याय या तीन गोष्टी सर्वांस मान्य आहेत.

ईश्वराच्या एकत्वास 'तौहीद' म्हणतात. ईश्वर एक, त्यास आकार नाहीं, संतति नाहीं, भागीदार नाहीं, अशी ती कल्पना. इस्लामी मताप्रमाणें प्रेषित हे माणूसच असतात. त्यांना अवतार मानीत नाहींत व त्यांची पूजा करीत नाहींत. मुहंमद पैगंबरांचा जन्म इ. स. ५७० च्या सुमारास मक्केस झाला. ६१० पासून त्यांना ईश्वरी संदेश येऊं लागले. ६२२ मध्यें ते मदिनेस गेले, त्या प्रस्थानापासून हिजरी सन मोजतात. ६३२ मध्यें ते निवर्तले. मुसलमान त्यांना नव्या धर्माचे संस्थापक म्हणत नाहींत. इब्राहीम, मूसा, ईसा आदि प्रेषितांनीं जो संदेश आणिला, त्याच मालिकेंतील ते शेवटचे प्रेषित, अशी श्रद्धा आहे. तौहीदाचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, धनी एकच असल्यामुळें बाकीचे सारे सेवक झाले. मशिदींत रांग लागते तेव्हां आधीं आलेला मजूर पुढें आणि मागून आलेला जमीनदार मागें उभा राहतो, याचें कारण हें आहे.

श्रद्धेनंतर आचार. आचाराचा पाया 'नियत' म्हणजे हेतु. कृत्याचें मोल हेतूवरून ठरतें. लोकांनीं वाखाणावें म्हणून केलेलें दान ईश्वराच्या वहींत जमा होत नाहीं, असें इस्लाम शिकवितो. मुख्य आचार पांच: कलिमा, नमाज, रोजा, जकात आणि हज. ईश्वराशिवाय कोणी उपास्य नाहीं व मुहंमद त्याचे प्रेषित आहेत, अशी साक्ष देणें हा कलिमा. पहांटे, दुपारीं, तिसऱ्या प्रहरीं, सूर्यास्तानंतर आणि रात्रीं अशी पांच वेळां नमाज. तिच्यामुळें कामाच्या ओघांत माणूस पांच वेळां थांबतो व आपण कोणाचे चाकर आहों याचें स्मरण करितो. प्रौढ, सशक्त माणसानें रमजान महिन्यांत पहांटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य करणें हा रोजा. आजारी व प्रवासी यांस तो मागाहून पुरा करण्याची मुभा आहे.

येथें पंचांगाची एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हिंदु पंचांगांतहि महिने चंद्रावरून मोजतात. पण अधिक मास धरल्यामुळें दिवाळी नेहमीं शरदांतच येते. हिजरी सनांत अधिक मास नाहीं. तें वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असल्यामुळें रमजान सुमारें तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. २०१८ सालीं तो मे-जूनच्या उन्हांत आला. २०२५ सालीं मार्चांत, रब्बीच्या सुगीच्या वेळीं आला. जो माणूस बाळपणापासून म्हातारपणापर्यंत रोजे धरतो त्यास प्रत्येक ऋतूंतील भूक आणि तहान कळते. ज्याच्या घरीं रोजच अर्धपोट जेवण असतें त्याची अवस्था धनिकानें आपल्या शरीरानें जाणावी, हा या व्रताचा एक मोठा हेतु होय.

'जकात' या शब्दाची मराठींत गंमत झाली. शहराच्या नाक्यावर मालावर घेतला जाणारा कर असा त्याचा अर्थ झाला. तो कर आतां राहिला नाहीं. मुंबईंत तो सर्वांच्या शेवटीं, २०१७ सालीं उठला. इस्लामी जकात निराळी. साडेसात तोळे सोनें किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तितक्या मोलाची शिल्लक, गरजा भागून वर्षभर ज्याच्यापाशीं राहिली, त्यानें तिचा चाळिसावा भाग गरजवंतांस द्यावा. घेणाऱ्यांत गरीब, कर्जांत बुडालेला, वाटेंत अडकलेला प्रवासी अशा आठ वर्गांची गणना आहे. आईबापांचें व मुलांचें पोषण हें कर्तव्यच असल्यामुळें त्यांना जकात देऊन सुटतां येत नाहीं. शेतीच्या उत्पन्नाचा नियम तर शेतकऱ्यास चटकन् पटेल. आभाळाच्या पाण्यावर पीक आलें तर दहावा भाग आणि विहिरीचें पाणी श्रमानें किंवा खर्चानें उपसून आलें तर विसावा भाग. कोरडवाहू ज्वारीच्या दहा पोत्यांस एक पोतें. मोट हांकून वाढविलेल्या पिकाच्या वीस पोत्यांस एक. भारतांतील जमिनीस हा नियम कसा लावावा याविषयीं धर्मशास्त्र्यांत मतभेद आहेत. परंतु देणगी जितकी ईश्वराची अधिक, तितका गरिबाचा वांटा अधिक, हा त्यामागील न्याय स्पष्ट आहे. या दानास उपकार म्हणत नाहींत. श्रीमंताच्या धनांत गरिबाचा 'हक्क' आधींच मिसळलेला आहे, तो वेगळा काढून द्यावयाचा आहे, अशी दृष्टि आहे. असा वांटा काढल्यानें उरलेल्या धनांत जी वाढ होते ती 'बरकत'.

पांचवा आचार हज. ज्यास शरीरानें व पैशानें शक्य असेल त्यानें जन्मांत एकदां मक्केची यात्रा करावी. पण मागें राहणाऱ्या कुटुंबाची तरतूद आणि देण्याची व्यवस्था करूनच. तेथें पुरुष दोन बिनशिवलेलीं वस्त्रें नेसतात, त्यामुळें राजा आणि हमाल यांची ओळख पोषाखावरून पटत नाहीं.

ईश्वराप्रतिचीं कर्तव्यें अशीं झालीं. परंतु इस्लामी शास्त्रकार हक्कांचे दोन भाग करितात: ईश्वराचा हक्क आणि माणसांचा हक्क. नमाज चुकली तर ईश्वर दयाळू आहे, तो क्षमा करील. पण माप मारून, मजुरी बुडवून किंवा चहाडी करून ज्याचें नुकसान केलें, त्यानें स्वतः क्षमा केल्यावांचून सुटका नाहीं. शेजाऱ्याचा हक्क यांत फार वरचा आहे, आणि शेजारी कोणत्या धर्माचा हें तेथें विचारीत नाहींत. कर्जावर व्याज घेणें निषिद्ध आहे, कारण अडलेल्याच्या गरजेवर नफा कमविणें हा अन्याय मानिला आहे. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या या जिल्ह्यांत सावकारी व्याज म्हणजे काय तें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं.

स्त्रीच्या हक्काचेंहि असेंच. कुराणांत मुलीचा वारसा ठरवून दिला आहे, तो मुलाच्या निम्मा. विवाहांत नवऱ्यानें द्यावयाचा 'महर' हा तिचा स्वतःचा, आणि तिच्या मिळकतीवर नवऱ्याची सत्ता नाहीं. सातव्या शतकांत ही व्यवस्था पुढचें पाऊल होती. तो वांटा आज समान असावा असें म्हणणारे लोक खुद्द मुसलमानांतहि आहेत. हिंदु मुलींस १९५६ च्या व पुढें २००५ च्या कायद्यानें वडिलांच्या मिळकतींत हक्क मिळाले. पण जमिनीच्या वांटणीची वेळ आली म्हणजे दोन्ही समाजांत पुष्कळ भाऊ बहिणीपुढें एकच कागद ठेवितात, त्याचें नांव 'हक्कसोडपत्र'. धर्म आणि कायदा जें देतो तें रूढि असें परत घेते.

रूढि आणि मूळ धर्म यांतील भेदहि ओळखला पाहिजे. मराठवाड्यांत मोहरमचे पंजे बसतात, धाराशिव शहरांत ख्वाजा शम्सुद्दीन गाझी यांच्या दर्ग्यावर उरूस भरतो, आणि तेथें हिंदु-मुसलमान दोघेहि जातात. कांहीं मुसलमान यांत भक्तीचा ओलावा पाहतात. कांहीं धर्मपंडित हे प्रकार तौहीदाशीं विसंगत मानितात. हा वाद त्यांच्यांत जुना आहे. सर्व मुसलमान एका मताचे असें समजणें म्हणूनच चुकीचें.

शेवटीं 'हिशेब'. मृत्यूनंतर एक दिवस सर्वांस उठविलें जाईल आणि प्रत्येकाच्या कृत्यांचा हिशेब होईल, ही इस्लामची फार मोठी श्रद्धा. तिच्यांत एक कलम असें आहे कीं, एकाचें ओझें दुसऱ्याच्या माथीं मारलें जाणार नाहीं. बापाच्या पापासाठीं मुलगा नाहीं, आणि जातभाईच्या पापासाठीं जातभाई नाहीं.

या कलमाची किंमत याच भूमीनें चुकविली आहे. हैदराबाद संस्थानांत रझाकारांनीं लूट, जाळपोळ आणि खून केले. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. लातूर त्या वेळीं याच जिल्ह्यांत होतें. धर्माचें नांव घेऊन त्यांनीं माणसांचे हक्क तुडविले, तें त्यांच्याच धर्माच्या कसोटीस उतरत नाहीं. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत भारतीय फौजेनें कारवाई केली व संस्थान मुक्त झालें. पण त्यानंतर ज्यांचा रझाकारांशीं संबंध नव्हता असे असंख्य मुसलमान मारले गेले. त्या वर्षाच्या अखेरीस पाहणी केलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें सर्वांत अधिक हानि झालेले चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, होतें. सबंध संस्थानांतील मृतांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. आधीं गेले तेहि निरपराध होते आणि मागून गेले तेहि निरपराध होते. दोन्ही वेळां एकाचें ओझें दुसऱ्याच्या माथीं मारलें गेलें.

जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं पालटलें. शेजार पालटला नाहीं. शेजाऱ्याचा धर्म स्वीकारावा लागत नाहीं. धर्मांत जबरदस्ती नाहीं असें कुराणहि सांगतें. पण त्याचा अर्थ जाणून घ्यावा, आणि शेजाऱ्यास त्याच्या स्वतःच्या कृत्यांवरून ओळखावें, एवढें प्रत्येकास करतां येतें. हिशेब ज्याचा त्याचा, हक्क सर्वांचा, आणि इमान दोघांनीं राखावयाचें. हे तीनहि शब्द ढोकीच्या बाजारांत रोज उच्चारले जातात; ते उच्चारतांना त्यांचा पुरा अर्थ मनांत असावा.